जोडीनं दिलेला शब्द

अलाबामातल्या त्या तीन सिग्नलच्या गावात मार्किस टॉलिव्हरचं काम सगळ्यांना ठाऊक होतं. शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट चढवायचं आणि समोरच्या शाळेचा जो कोणी बॉल घेऊन उभा असेल त्याला आडवा करायचं. हे काम तो इतकं मन लावून करायचा की अकरावीतच पाच कॉलेजांनी त्याला आमच्याकडे खेळायला ये म्हणून गळ घातली. गेल्या जूनमध्ये त्यानं कॅल्डर युनिव्हर्सिटीला शब्द दिला, आणि पेट्रोल पंपाच्या पाटीवर तळलेल्या कोंबडीच्या जाहिरातीखाली त्याचं नाव झळकलं.

हा शब्द जोडीनं दिलेला होता. दुसरा कीनन पेटवेचा, ज्याला सगळं गाव पीनट म्हणायचं. पीनट पळायचा मस्त, पण अंगानं एवढासा. त्याला कुणीच बोलावलं नव्हतं. मग कॅल्डरचे कोच डॉइल मार्किसच्या घरी आले, त्याच्या आईच्या हातचा तळलेला मासा दोनदा मागून घेतला आणि म्हणाले, पोरा, आणखी काय हवं ते बोल. मार्किस म्हणाला, पीनटला पण घ्या. डॉइल हसले. आठवड्याभरात पीनटच्या घरी कॅल्डरचं बोलावण्याचं पत्र आलं. ते कसं आलं हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त पीनटच्या आईला, मिस डेलोरिसना सोडून. मिस डेलोरिस ते पत्र चर्चमध्ये घेऊन गेल्या आणि देवाचे आभार मानून आल्या. त्यांचा तो आनंद बघून सांगायचं धाडस कुणाला होणार?

जानेवारीत डॉइल कॅल्डर सोडून वेस्टफर्डला गेले आणि सगळा घोळ झाला. त्यांच्या जागी आलेल्या कोचला मार्किसचं नाव लक्षात राहीना, तो त्याला नुसतं 'पैलवान' म्हणायचा. फोनवर त्यानं सांगून टाकलं की आता मार्किसनं वजन वाढवायचं आणि आपल्या बाजूच्या रांगेत उभं राहून आपल्याच माणसाचं रक्षण करायचं. बॉलवाल्याच्या अंगावर जायचं नाही. ज्या पोराला जन्मभर धावून जायचं होतं, त्याला भिंत होऊन उभं राहायला सांगितलं.

आणि मग डॉइलचा फोन आला. वेस्टफर्डला तुझी जागा ठेवली आहे, तुझीच, तू खेळतोस तीच. पीनटचं मात्र इथे जमणार नाही. बुधवारी सकाळी सातपर्यंत वाट बघतो.

बुधवारी देशभरातल्या खेळाडूंच्या सह्यांचा दिवस होता. तोपर्यंत सगळा तोंडी कारभार, कितीही पोरं शब्द फिरवायची आणि पेपरवाल्यांना बातम्या पुरवायची. पण बुधवारी सातनंतर सहीचा कागद एकदा फॅक्सनं गेला की पोरगा बांधला गेला. मग दुसरीकडे जायचं तर एक वर्ष बाकावर बसायचं.

सोमवारी मार्किसची आई लोरेटा कोंबड्यांच्या कारखान्यातली पाळी संपवून आली आणि बूट न काढताच टेबलाशी बसली.

"कागदावर तुझ्याबरोबर माझीही सही लागते, म्हणून विचारते," ती म्हणाली. "तुला काय पाहिजे?"

"कॅल्डरलाच जायचं ठरलंय ना, मम्मा."

"कुठे ठरलंय ते नाही विचारलं. काय पाहिजे ते विचारलं."

मार्किसनं भाताचा मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही, हे तो फार लहानपणी शिकला होता. लोरेटानं उठून बूट काढले.

त्याला वेस्टफर्डला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री पाय आपोआप हलायचे. पण तो वेस्टफर्डला गेला की कॅल्डरला पीनटचं काय काम? त्यानंच पीनटला झाडावर चढवलं होतं, आता खालून झाड कापायचं तरी कसं?

मंगळवारी शाळा सुटल्यावर तो सांगायचंच म्हणून निघाला. पीनट न्हाव्याच्या दुकानात सापडला. मिस्टर ओटिस त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला वस्तऱ्यानं कॅल्डरचं 'सी' कोरत होते.

"हलू नकोस रे," ओटिस म्हणाले, "नाहीतर चारचौघांत डोक्यावर डोनट घेऊन बसशील."

एरवी पीनटनं यावर दहा उत्तरं दिली असती. आज त्यानं फक्त मान आणखी खाली घातली. मार्किस शेजारच्या खुर्चीत बसला, चार वेळा घसा साफ केला आणि म्हणाला, "पीनट, समज, मी..."

पीनटनं आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"तू फिरलास तर माझी आई मरेल रे," तो म्हणाला. "मी चेष्टा करत नाही."

"मी कुठे काय म्हणालो?"

"मग म्हणू नकोस."

ओटिसचा वस्तरा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मार्किस पाऊण तास तिथेच बसून राहिला. निघताना पीनटनं त्याचा हात घट्ट धरला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. मार्किसला वाटलं, बिचारा घाबरलाय. आपण असा नुसता विचारही केला याची त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

बुधवारी पावणेसातला शाळेचे कोच बॅगवेल यांच्या खोलीत मार्किस, लोरेटा आणि पीनट असे तिघं उभे होते. मिस डेलोरिसनी घरीच सही केली असं पीनट म्हणाला होता, त्या केस करून घ्यायला गेल्या होत्या, थेट समारंभाला येणार होत्या. सातला पाच मिनिटं असताना मार्किसच्या खिशातला फोन वाजला. डॉइल. तो वाजत राहिला आणि सगळ्यांना ऐकू येत राहिला. लोरेटा त्याच्याकडे बघत होती. त्यानं एकदा मान वर केली असती तरी तिनं पेन खाली ठेवलं असतं. त्यानं मान वर केली नाही.

फोन थांबला. मार्किस आणि लोरेटा दोघांनी सह्या केल्या. सात वाजून दोन मिनिटांनी कागद फॅक्समध्ये गेला आणि मशीननं पोच दिली.

"शाब्बास," बॅगवेल म्हणाले. "तू हो पुढे. पीनटचं मी बघतो."

दहा वाजता जिममध्ये सगळी शाळा जमली. बँड वाजत होता. मधोमध लांब टेबल, त्यावर लाल कापड, दोन लाल टोप्या, दोन पेनं आणि दोन कागद. खरे कागद सकाळीच गेलेले, हे फक्त फोटोसाठी. मिस डेलोरिस पहिल्या रांगेत इस्टरला घालायची मोठी हॅट घालून बसल्या होत्या, आणि त्या हॅटमुळे मागच्या तिघांना काही दिसत नव्हतं.

बॅगवेलनी इशारा केला. मार्किसनं आपल्यापुढच्या झेरॉक्सवर सही केली. पीनटनंही केली. मग पीनटच्या कोपराचा धक्का लागून त्याचा कागद सरकला आणि अर्धवट उलटला. मागच्या बाजूला शाळेच्या जेवणाचा तक्ता छापलेला होता. सोमवारी पिझ्झा, मंगळवारी मीटलोफ, बुधवारी चिकन नगेट्स. पुढची बाजू कोरी होती, त्यावर एकटी पीनटची सही.

मार्किस त्या तक्त्याकडे बघत राहिला. टोपी घालण्याच्या निमित्तानं त्यानं मान वळवली.

"तुझा फॅक्स गेला ना?"

पीनट कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. हसू तसंच ठेवून, ओठ न हलवता म्हणाला, "कॅल्डरच्या जागा भरल्या. मला पुढच्या जानेवारीत घेता येतं का बघू म्हणाले. तेही तू सही केलीस तर."

"कधी कळलं?"

"रविवारी."

मार्किसनं मनात दिवस मोजले. सोमवारचा तो भाताचा घास. मंगळवारची न्हाव्याची खुर्ची. आज सकाळचा वाजणारा फोन. तिन्ही वेळा दार उघडं होतं, आणि पीनट दाराला पाठ लावून उभा होता. मग त्यानं टेबलाच्या टोकाला उभ्या असलेल्या बॅगवेलकडे पाहिलं. तो तक्त्याचा कागद मांडणारा हात त्यांचाच होता, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. बॅगवेल भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

टेबलाखाली पीनटनं त्याची बाही पकडली.

"आईला सांगू नकोस," तो पुटपुटला. "मी सांगीन. आज नको."

जिल्ह्याच्या पेपरचा बातमीदार माइक घेऊन पुढे आला. हसरा, भला माणूस. त्यानं मार्किसला विचारलं की वेस्टफर्डवाले तुझ्या मागे लागलेत अशी कुजबुज होती, शेवटच्या क्षणी मन बदलावंसं वाटलं का?

पहिल्या रांगेत मिस डेलोरिस दोन्ही हातांनी फोन उंच धरून चित्रीकरण करत होत्या, आणि फोनच्या वर त्यांचे भरून आलेले डोळे दिसत होते. लोरेटा पाळीच्या मधूनच धावत परत आली होती, दाराशी उभी होती. ती हसत नव्हती. एक वाक्य, आणि सगळं बाहेर आलं असतं. त्यामुळे मार्किसची सुटका होणार नव्हती. ती संधी सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी संपली होती. फक्त ती मोठी हॅट खाली वाकली असती.

"नाही, सर," मार्किस म्हणाला. "आम्ही दोघांनी शब्द दिला होता. दोघं मिळून जातोय."

जिममध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला, बँडनं पुन्हा सूर धरला. पीनटनं लाल टोपी डोळ्यांवर ओढली आणि हुंदके देऊन रडायला लागला. मार्किसनं त्याच्या खांद्यावर हात टाकला, कारण सगळे बघत होते.

मिस डेलोरिसनी फोन खाली घेतला, डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघ, किती जीव आहे पोरांचा एकमेकांवर."