फोनवर हलणारी मान

काँक्रीटच्या मिक्सरवरचा ड्रायव्हर फोनवर बोलताना मान हलवायचा. समोर माणूस बसल्यासारखी, चांगली जोरात. "पलीकडच्याला काय दिसतं हो ते?" म्हणून बायको थट्टा करायची, तर तिलाही तो मान हलवूनच उत्तर द्यायचा.

त्या सकाळी गाडी लाल सिग्नलला उभी होती आणि स्पीकरवर साइटचा सुपरवायझर तापला होता. "माल ड्रममध्येच घट्ट झाला तर तुझी धडगत नाही, कळलं?"

"हो साहेब, आलोच." मान हलली. डाव्या आरशात लाल हेल्मेट घातलेली एक सायकलवाली बाई ओझरती दिसली. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला.

डावीकडे वळायचं होतं, म्हणून त्याने पुन्हा आरशात पाहिलं. बाई नव्हती.

पुढे गेली म्हणावं, तर पुढचा रस्ता मोकळा. मागे गेली म्हणावं, तर मागे बस चिकटून उभी. डावीकडे फूटपाथचं लोखंडी रेलिंग. अख्खी बाई सायकलसकट गेली कुठे? एकच जागा उरत होती. डाव्या दाराखाली, पुढच्या चाकापाशी, जिथलं कुठल्याच आरशात दिसत नाही.

मागून हॉर्न सुरू झाले. बसवाल्याने तर हॉर्नवरून हात उचललाच नाही. उजवीकडच्या दुभाजकावरून पोलीस शिट्टी फुंकत हातवारे करत होता, चल, चल! "साहेब, खाली कुणी आहे का बघा हो!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, पण त्या गदारोळात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. उतरावं, तर उजव्या दाराला घासून मोटारसायकली चाललेल्या. डावं दार उघडावं, तर ते तिच्याच डोक्यात बसायचं. हँडब्रेक ओढला होता, तरी ब्रेकवरचा पाय उचलायचा धीर होईना. आपल्याच गाडीत तो कोंडला गेला होता. शर्ट घामाने सीटला चिकटला.

सिग्नल पुन्हा लाल झाला आणि पोलीस तरातरा आला. "झोपलास का रे?"

"साहेब, हात जोडतो, डाव्या बाजूला बघा. एक बाई होती."

पोलीस कुरकुरत पुढून वळसा घालून गेला आणि खाली बघून थबकला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मागचा ड्रम थांबला. माल घट्ट व्हायचा तो होऊ दे, म्हणत तो उतरला.

बाई चाकाला पाठ लावून उकिडवी बसली होती, सायकलची चेन चढवत.

"अहो बाई, ही काय बसायची जागा आहे?" त्याचा आवाज चिरकला.

"असं काय करता?" ती काळे झालेले हात पुसत म्हणाली. "चेन पडली म्हणून मी आरशात तुम्हाला हात केला, जरा थांबा म्हणून. तुम्ही चांगली मान हलवलीत की!"



बाई सायकल घेऊन निघून गेली. तो केबिनमध्ये चढला. फोन अजून चालूच होता. "ऐकतोयस ना रे?" सुपरवायझर खेकसला. ड्रायव्हरची मान ताठच राहिली. त्याने फोन बंद केला, इंजिन चालू केलं.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. त्याने डाव्या आरशात पाहिलं. आरसा रिकामा होता. मघाशीही तो रिकामाच होता. ब्रेकवरचा पाय काही केल्या उचलेना.