खरवतीची दहा पानं

गुलमोहोर हरला पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

आमची कणकवलीची शाळा हायवेला इतकी चिकटून आहे की पहिलीच्या खिडकीतून डंपरचे नंबर वाचता येतात. पहिलीची मुलं पाढे म्हणतात कमी आणि खोकतात जास्त. म्हणून कुंपणाला झाडं लावायचं ठरलं. शाळा समितीचे अध्यक्ष भाई म्हणाले, "गुलमोहोर लावू. फोटो बरे येतात." मी नववीतली तेजस्वी, मागच्या वर्षापर्यंत हजेरीलाही पुटपुटणारी, चक्क उभी राहिले. "कुठल्या पानावर बारीक धूळ जास्त अडकते, ते आधी बघूया ना."

भाई हसले. "बघ तर. पुढच्या शनिवारपर्यंत."

हायवेच्या कडेची चार झाडं निवडली: बकुळ, आंबा, गुलमोहोर आणि खरवत. खरवतीची दहा पानं घेतली. बाकीच्यांची आलेखाच्या कागदावर मोजून तेवढ्याच क्षेत्रफळाची. सगळी पुसली, लाल दोरे बांधले आणि आठ दिवस झाडावरच ठेवली. मग पानं धुवायची, पाणी आधी कापडातून गाळायचं, मग फिल्टर पेपरातून. कापडावर राहते ती जाड धूळ, ती बहुतेक नाकातच अडते. पेपरावर उरते ती बारीक, छातीत उतरणारी.

खरवतीकडे कोणी ढुंकून बघत नाही. पान पॉलिश पेपरासारखं खरखरीत. पूर्वी सुतार त्याने लाकूड घासत. पण भिंगाखाली धरलं आणि मी वेडीच झाले. पानभर ताठ केसांचं रान, आणि प्रत्येक केसाच्या बुडाशी काळी धूळ दडून बसलेली. केवढं काम करते ही, आणि एक शब्द न बोलता!

शुक्रवारी तीन झाडांची पानं धुऊन झाली. खरवतीपाशी गेले तर बुंध्याशी नारळ, जास्वंदीची दोन फुलं, आणि माझी दहा पानं लख्ख.

शाळेची खिचडी शिजवणाऱ्या सुगंधाकाकी मागेच भांडी घासत होत्या.

"काकी, तिथे नारळ कोणी ठेवला?"

"मियां. कोणीतरी नवसाचे दोरे बांधल्यान आणि नारळ ठेवूक इसारलो. शिकल्या लोकांका दोरे तेवढे बांधूक येतत."

"आणि पानं?"

"धुळीन भरलली पानां देवाक दाखवतत? धुतलंय."

"काकी, तो नवस नव्हता. माझा प्रयोग होता."

"मगे सांगाक काय झाला? माझो नारळ गेलो फुकट."

माझी मैत्रीण रिया कानाशी लागली, "बकुळीच्या दुप्पट धूळ लिही. कोणाला कळणार आहे?" पेन वहीपर्यंत गेलं, खोटं कशाला बोलू. पण मग पहिलीची मुलं झाडाऐवजी माझ्या थापेच्या आडोशाला बसली असती. पेन खिशात टाकलं.

"काकी, सगळं झाड धुतलंत?"

"येड लागला काय माका? एप्रिलात एवढा पाणी खंयसून आणू? दोरे होते तीच दहा."

"आणि ते पाणी?"

"बालदीत आसा. सांजचा झेंडूक घालतलंय."

मी धावले. बालदीच्या तळाशी गाळ बसला होता. कापडातून पाणी उतरलं, पण फिल्टर पेपरातून थेंब थेंब, तासभर. काकी शेजारी बसून पदराने पेपराला वारा घालत होत्या. पेपर वाळला तो तव्याच्या बुडासारखा.

शनिवारी चारही पेपर समितीपुढे मांडले. गुलमोहोराचा फिक्या चहासारखा, आंबा आणि बकुळ त्याहून गडद, खरवत सगळ्यांत काळी. मी म्हणाले, "खरवतीची पानं मी धुतलेली नाहीत. बालदी आधी विसळलेली होती, असं काकी सांगतात. म्हणून ह्या पेपरावर पुरता भरवसा ठेवू नका."

भाईंनी तो पेपर खिडकीच्या उजेडात धरला.

"खरवत कोण लावता गो? नर्सरीत तरी मिळात काय?"

दारातून काकी म्हणाल्या, "पाखरां हगतत थंय उगावता ती. माझ्या बावीच्या कठड्यात पाच आसत. मिरगाक कुदळ घेवन येवा."

"मिरगापर्यंत प्रयोग परत कर," भाई मला म्हणाले. "तोच रंग इलो तर बघू."

मे महिन्यात दोनदा केला. दोन्ही वेळा तोच रंग.

जूनमध्ये काकींच्या विहिरीवरून पाचातली तीन रोपं मुळांसकट निघाली. खड्डे भाईंनी खणले, खिडकीपासून दहा हात लांब, मुलांना उजेड मिळावा म्हणून. दोन खरवतींच्या मधल्या जागेत बकुळ लावली. गुलमोहोर एकच, गेटापाशी.