आईने घेतलेली पिवळी गोळी

लेकीचा डावा कान जन्मापासून बंद, आणि त्याचं खापर आईने तीस वर्षं स्वतःच्याच डोक्यावर फोडलेलं. पोटुशी असताना मळमळीवर पिवळी गोळी घेतली होती ना! रस्त्याने ती कायम लेकीच्या डावीकडून चालायची, मागून येणारी गाडी पोरीला ऐकू यायची नाही म्हणून. त्यामुळे वाटेत मायलेकींचं बोलणं काही व्हायचं नाही.

लेक मोठी होऊन रोगांची कारणंच शोधायला लागली, यात नवल ते काय? तिने बहिऱ्या मुलांच्या आया गाठल्या, धडधाकट मुलांच्याही गाठल्या आणि विचारलं, पोटुशी असताना काय काय घेतलं? निकाल हाती आला. बहिऱ्या मुलांच्या आयांमध्ये पिवळी गोळी दुपटीने! आता हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"थांब जरा," तिच्या विभागाच्या मोठ्या बाई म्हणाल्या. "अगं, जिच्या पोराला ठेच लागली, तिलाच वाटेतला दगड आठवतो. बाकीच्या कशाला लक्षात ठेवतायत? मूल होण्याआधी लिहिलेलं काही मिळतंय का बघ."

मिळालं, तेही ती जन्मली त्याच दवाखान्यात. तिथल्या नर्सबाई प्रत्येक गरोदर बाईची गोळी न् गोळी वहीत उतरवायच्या, पुढचं बरंवाईट कोणालाच ठाऊक नसताना. त्यातल्या पाच हजार जणींच्या मुलांचे कान कसे निघाले, हे लेकीने माणसं हाताशी घेऊन घरोघर तपासलं. गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्हींकडे बहिरेपण सारखंच.

आईला तिने वहीतली तिची ओळ दाखवली. इतर नावं झाकायला लावलेली कागदाची पट्टी नेमकी तेव्हाच घसरली.

"अगंबाई, ही तर शेजारची मावशी! आठ गोळ्या? माझ्या तर तीनच! आणि ती छातीठोक सांगते, औषधाला शिवलेसुद्धा नाही म्हणून. तिचा लेक तर वाद्यं सुरात लावून देतो!"

"तिला आठवायची वेळच आली नाही, आई. तुझ्या गोळीने काही झालं नाही."

आई हमसून हमसून रडली. लेकही रडली.

संध्याकाळी दोघी फिरायला निघाल्या. कोपऱ्यापर्यंत आई सवयीने डावीकडून चालली, मग थांबली आणि वळसा घालून उजवीकडे आली.

"मावशीला सांगू नकोस हं," ती म्हणाली. "आठ गोळ्या म्हणजे उगाच जिवाला घोर लावून घेईल."