हिरव्या गाडीचे रविवारशी वैर

मी एक जुनी हिरवी मोटारगाडी आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला गोडगोड गोष्टी सांगतात, तशी माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका. मी रागीट आहे, आणि माझा राग रविवारवर आहे.

माझा जन्म मेडेयीन शहराजवळच्या कारखान्यात झाला. तिथून डोंगर चढून मी राजधानीला, बोगोटाला आले, ती थेट एवेलियोच्या घरी. एवेलियो शिंपी होता. त्याने माझ्या सीटना स्वतःच्या हाताने खोळी शिवल्या आणि आरशाला जपमाळ लावली. शेजारीपाजारी येऊन माझ्या टपावरून हात फिरवायचे. अशी छोटी, चौकोनी आणि चिवट गाडी साऱ्या आळीत दुसरी नव्हती. सोमवार ते शनिवार मी कापडाचे गठ्ठे वाहिले, वरातीत गेले, एकदा तर एक बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचवली. त्या बाळाचे नाव माझ्यावरून ठेवायला हवे होते, पण कोणी ठेवले नाही.

आता रविवारचे सांगते. आमच्या घराचे दार सातव्या क्रमांकाच्या हमरस्त्यावर उघडते. दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन हा रस्ता गाड्यांना बंद असतो. लाल-पिवळ्या गणवेशातली पोरे चौकात आडवे खांब टाकतात, आणि मग माझ्या रस्त्यावर, होय, माझ्याच, कोण कोण म्हणून येत नाही! धापा टाकणारे ढेरपोटे, चाकांच्या बुटांवरून घसरणारी पोरे, झबले घातलेली कुत्री, कापलेल्या फळांचे पेले विकणाऱ्या बायका. मी गॅरेजमध्ये कोंडलेली. दाराच्या फटीतून ते सगळे दिसायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला तळपाय नाहीत, पण आग होती.

ज्यांना रविवारी गाडी लागते, ते शनिवारी संध्याकाळीच ती मागच्या गल्लीत नेऊन लावतात. एवेलियोला हे कधीच मान्य नव्हते. "माझ्या घरासमोरून माझी गाडी काढायला मी कोणाची परवानगी घेऊ?" असे म्हणून तो दर रविवारी माझ्यात बसायचा, दार सताड उघडायचा आणि गॅरेजमधूनच भोंगा वाजवायचा. खरे सांगते, मला त्यात फार सुख वाटायचे. आमचे दोघांचे एकाच गोष्टीशी वैर होते.

त्याची बायको ओतिलिया मात्र त्या गर्दीकडे भुकेल्यासारखी बघायची. ती बोयाका प्रांताची, सायकलवेड्यांच्या मुलखातली. तिच्या माहेरी पाच भाऊ आणि पाच सायकली होत्या. हिच्या वाट्याला आले त्यांचे चिखलाने भरलेले कपडे धुणे. त्रेसष्टाव्या वर्षी तिने भाचीची जुनी सायकल आणली आणि जाहीर केले, "मी सायकल शिकणार. एकटीनं वीस चौक पार करून उद्यानापर्यंत जाणार."

एवेलियो हसून हसून खोकला.

तिला शिकवायला उभी राहिली युराणी, म्हणजे आमच्या चौकातली लाल-पिवळी पोरगी. ती सीट धरून मागे पळायची आणि ओतिलिया पुढे डुगडुगायची. एवेलियो खिडकीतून ओरडायचा, "युराणी, म्हाताऱ्या पोपटाला बोलायला शिकवतेस का गं?"

"काका, पोपट निदान प्रयत्न तरी करतोय," युराणी म्हणायची. "तुम्ही नुसता भोंगा वाजवताय."

चार रविवारांत ओतिलिया सरळ जायला शिकली. वळणे तिला अजून जमत नव्हते. सरळ जायचे, थांबायचे, उतरायचे आणि सायकल हाताने वळवायची. पाचव्या रविवारी ती एकटी निघणार होती. वरच्या चौकातून आमच्या दारावरून उतरणारा हा हमरस्ता थेट उद्यानापर्यंत सरळ जातो, म्हणून तिने तोच धरला होता.

त्या रविवारी सातला पाच मिनिटे असताना एवेलियोने मला बाहेर काढले. मला वाटले, मागच्या गल्लीत नेतो आहे. पण त्याने मला घरासमोरच, हमरस्त्याच्या मधोमध आडवी उभी केली आणि किल्ली खिशात टाकली. सकाळी सात वाजता युराणी धावत आली.

"काका, हे काय? काढा ती गाडी!"

"सातनंतर इथं गाडी चालवायला बंदी आहे," एवेलियो शांतपणे म्हणाला. "मी कायदा मोडत नाही. गाडी उभी आहे, चालत नाही. उभ्या गाडीबद्दल तुझ्या कायद्यात काय लिहिलंय?"

"मी क्रेन बोलावते."

"बोलाव की. पण रस्ता तर बंद आहे. क्रेन येणार कुठून?"

युराणीने माझ्या पुढे-मागे दोन नारिंगी शंकू ठेवले आणि वरिष्ठांना फोन लावला. येणारे-जाणारे मला वळसा घालून जात होते. एकाने माझ्या टपावर घामाचा सदरा वाळत घातला. मला तेही चालले. मी त्या रविवारच्या घशात अडकलेला काटा होते, मित्रांनो, आणि मला अभिमान वाटत होता.

ओतिलिया बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"माझ्यासाठी लावलीत ना ही?"

"हातपाय मोडून घेशील, म्हणून लावली. घरात बस."

सायकल हातात धरून ती वरच्या चौकापर्यंत चालत गेली आणि तिथून बसून निघाली. माझ्या पुढच्या नाकाशेजारी जागा होती, दोन सायकली जातील एवढी. तिला जरासे वळायचे होते. पण नवा शिकणारा ज्या गोष्टीला घाबरतो तिच्याकडेच बघतो, आणि जिकडे बघतो तिकडेच जातो. ती माझ्याकडे बघत होती.

मी आजवर कोणाला सांगितले नाही, ते तुम्हाला सांगते. ती येत होती तेव्हा माझ्या मनात आले, पडू दे एकदाची.

तिने तोंड वाचवायला हात पुढे केला. तो माझ्या दिव्यावर आदळला. काच फुटली, आणि काचेबरोबर दुसरेही काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तिचे मनगट होते ते.

प्रथमोपचाराची पोरे सायकलवरून आली. त्यांनी हात फळीला बांधून तिला पदपथावर बसवले. तोवर लोक जमले होते आणि भयंकर चिडले होते. आठ-दहा जणांनी मला हात लावला. सुकाणू धरायला एवेलियोला आत बसवले आणि इंजिन बंद ठेवूनच मला मागच्या गल्लीपर्यंत ढकलत नेले. पायी चालणाऱ्याच्या गतीने, साऱ्या आळीदेखत.

"काका, वाजवा की आता भोंगा!" एक जण ओरडला.

"अहो, पाय आहेत ना? मग उतरा आणि ढकला!"

ओतिलिया पदपथावरून म्हणाली, "उतरवू नका त्यांना. बसू दे आत. सगळ्यांना दिसू दे."

एवेलियो सुकाणूवर मान टाकून बसला. माझ्या काचांना पडदे असते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

सहा आठवडे तिचा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने ती त्याच्यापुढे सुपाची वाटी ठेवायची, पण एक शब्द बोलायची नाही. मीही गॅरेजमध्ये फुटक्या दिव्यासह उभी होते. माझी फुटकी काच कोणी बदलली नाही.

पडल्यानंतरच्या सातव्या रविवारी ती सायकल काढायला खाली आली. तिचे मनगट काडीसारखे झाले होते. एवेलियो तिच्या आधीच दार उघडून उभा होता. मागे पळता यावे म्हणून त्याने बूट घातले होते.

"मी धरतो मागून," तो म्हणाला. "पडलीस तर…"

"पाडणाऱ्यानं धरायचं नसतं," ती म्हणाली आणि निघाली.

ती डुगडुगत गेली. फळवालीच्या गाड्यापाशी आली तेव्हा मी श्वास रोखला असता, मला श्वास असता तर. तिने हँडल हलवले आणि ती वळली. जरासेच, पण वळली. मग ती गर्दीत दिसेनाशी झाली. एवेलियो माझ्या टपावर हात ठेवून बराच वेळ उभा होता. एकाच्या पायात बूट, दुसरीच्या तोंडावर फुटका दिवा, आणि दोघांना बोलवणारे कोणी नाही.

ती दीड वाजता परतली. उद्यानातला फळांचा पेला तिच्या सायकलच्या टोपलीत होता, अर्धा संपलेला. तिने तो त्याला देऊ केला नाही.

माझे रविवारशी अजूनही जमत नाही. ढेरपोटे अजून मला आवडत नाहीत. पण मित्रांनो, कोणी काही नवे शिकत असेल, आणि त्याला अजून वळता येत नसेल, तर त्याच्या वाटेत उभे राहू नका. मला सरकता येत नव्हते, माझी किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. तुम्हाला सरकता येते.