झटका मी मारला नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी, जमिनीवर उभी राहणारी ड्रिल मशीन आहे. म्हातारी म्हणा, करकरते म्हणा, ऐकून घेईन. पण मालकिणीच्या जावयाचं बोट माझ्यामुळे कापलं असं कोणी म्हटलं, तर मी गप्प बसणार नाही.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझी लोखंडी पाठ तीनदा तपासली होती. ती आजही केसभर हललेली नाही. गेली एकवीस वर्षं मी माझ्या मालकिणीच्या, म्हणजे मावशींच्या वर्कशॉपमध्ये उभी आहे. मावशी फाटकं आणि टेबलं बनवतात. लोखंड आलं की आधी पंच ठोकून बारीक खड्डा करायचा, म्हणजे भोक पाडणारं बिट घसरत नाही. मग तेलाचे दोन थेंब. लाकडाखाली टाकाऊ फळी, नाहीतर खालून चिरफळ्या निघतात. प्लास्टिकला वेग कमी, नाहीतर ते वितळून बिटाला चिकटतं. आणि काहीही असो, काम पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात घट्ट आवळल्याशिवाय मावशींनी माझं बटण कधी दाबलं नाही. कौतुक व्हायचं ते मावशींचं. माझं कोण करतो? असो.

मग मावशींचे गुडघे दुखू लागले आणि जावयाने काम हाती घेतलं. माणूस वाईट नाही, पण घाई फार. एका लोखंडी पट्टीला भोकं पाडायची होती. शिकंजा कोण आवळत बसणार, म्हणून त्याने पट्टी हातातच धरली, तीही हातमोजे घालून. बिट पलीकडे निघता निघता अडकलं, पट्टी गरकन फिरली आणि मोजा बिटाभोवती गुंडाळला गेला. बोटाला सहा टाके पडले.

मशीन झटके मारते, असं त्याने घरी सांगितलं. जावयाला उलटून कोण बोलणार? सगळ्यांनी मलाच धारेवर धरलं. लेक आईला म्हणाली, ती मशीन विकून टाक. दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात हजर. माझा नुसता तिळपापड झाला, पण मला तोंड कुठे आहे? बटण तेवढं आहे.

मावशी काठी टेकत आल्या. बिटाला अडकलेल्या मोज्याच्या चिंध्या त्यांनी सोडवल्या. शिकंज्यावरची धूळ बोटाने पुसून पाहिली. मग चष्मा लावला, तीच पट्टी शिकंज्यात आवळली, पंच मारला आणि माझं बटण दाबलं. मी जीव ओतला. भोक पडलं, बोल्ट अलगद आत गेला.

"जावईबापू," मावशी म्हणाल्या, "झटका मशीनने नाही मारला. तुम्ही शिकंजा लावला नव्हता."

लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण जावयाला त्यांनी असं तोंडावर कधी सुनावलं नव्हतं. लेक खाली बघत राहिली. जावयाने भंगारवाल्याला परत पाठवलं, दुसरी पट्टी ठेवली आणि धड हाताने शिकंज्याचा दांडा फिरवला.

"एवढं पुरे, आई?"

"अजून थोडं."

मित्रांनो, मला दया नको आणि कोपऱ्यातली पूजाही नको. मला तेल द्या, काम द्या आणि ते काम घट्ट आवळा. मोजे काढा, केस बांधा, डोळ्यांवर चष्मा चढवा. घाई तुम्ही करायची आणि नाव माझं खराब व्हायचं, हे मी चालवून घेणार नाही. माझ्याकडे दहा बोटं घेऊन या आणि दहाच घेऊन परत जा.