मास्तरला मत नाही

"मास्तर, तुम्ही बाहेर," फुगा दारात आडवा हात घालून म्हणाला. "मानसभा आहे."

"माहितीये रे. नियम मीच शिकवलाय तुम्हाला."

"म्हणूनच म्हटलं," असं म्हणत फुग्याने दार लावून घेतलं.

मास्तर आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्काऊट पथक चालवायचा. पथकात चार संघ, प्रत्येकाचा एक संघनायक आणि सगळ्यांवर एक पथकनायक. पद कोणाला द्यायचं, कोणाचं काढायचं, हे मुलांची मानसभा ठरवायची. तिथे मास्तरला मत नव्हतं. आजवर त्याला ही सोयच वाटत आली होती. कोणाचे आईवडील भांडायला आले की तो खांदे उडवून म्हणायचा, "पोरांनी ठरवलंय, मी काय करू?"

आज आत त्याची स्वतःची मुलगी होती. तिला सगळं पथक ताई म्हणायचं. ती पथकनायक राहणार की नाही, हे आत ठरत होतं.

तो बाकावर बसला, उठला, खिडकीपर्यंत जाऊन आला. दाराच्या बिजागरीचा एक स्क्रू वर आलेला दिसला. खिशातलं नाणं काढून तो पिळायला गेला आणि आतले आवाज थांबले तसा चोरासारखा मागे सरला.

तक्रार फुग्याने आणली होती, संघनायक म्हणून. घडलं होतं एवढंच. शिबिरात फुग्याच्या संघातल्या लहान मुलांनी दुपारभर खपून काठ्यांची तिपाई बांधली होती, हात धुवायचं घमेलं ठेवायला. ती डुगडुगत होती. मुलं आंघोळीला गेली तेव्हा ताईने सगळ्या गाठी सोडल्या आणि नव्याने बांधल्या. घट्ट, एकसारख्या, दोरीचा एक वेढा दुसऱ्यावर चढू न देता. मुलं परत आली. त्यांनी तिपाई हलवून बघितली. दुसऱ्या दिवशी त्यांना चुलीला आडोसा बांधायला सांगितला, तर दोरी मांडीवर ठेवून मुलं बसून राहिली.

"आम्ही कशाला? ताई सोडून बांधेलच ना नंतर," त्यांतली सगळ्यात लहान मुलगी म्हणाली. उद्धटपणे नव्हे, तिला खरंच तसं वाटत होतं.

मास्तरला ते ऐकून स्वतःचेच हात दिसले. मदतनिसाने आवळलेला प्रत्येक नट तो पुन्हा आवळून बघायचा. लिफ्टच्या कामात ते बरोबरच होतं. तिथे चूक झाली तर माणूस जातो. तिपाई पडली असती तर घमेलंभर पाणी सांडलं असतं. हा फरक त्याने मुलीला कधी सांगितला नव्हता. घरी तर तो तिने घडी घातलेलं पांघरूणसुद्धा उलगडून पुन्हा घडी घालायचा.

फोन वाजला. बायको.

"काय झालं हो?"

"चाललंय अजून."

"तुम्ही आत जाऊन काही बोलला नाहीत ना?"

"मी बाहेर आहे."

"दाराला कान लावून?"

तो दोन पावलं मागे सरला. "नाही गं."

"पोर चार दिवस नीट जेवली नाहीये. फुग्याला एकदा बाजूला घेऊन सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"मग ती राहिली असती पदावर. पण मानसभा उरली नसती."

"तुमची मानसभा घाला चुलीत. रडायला लागली तर सरळ घरी घेऊन या."

दार उघडलं. ताई सगळ्यात आधी बाहेर आली. खांद्यावरची पथकनायकाची हिरवी दोरी नव्हती. डोळे कोरडे होते.

"कोण?"

"फुगा."

"काय काय बोलले?"

"ते आतलं आतच राहतं, बाबा."

"घरी जायचं?"

"समारोप व्हायचाय ना अजून." ती चपळाईने निघाली आणि अंगणाच्या पायरीवर अडखळल्यासारखी थांबली. पथकनायक रांगेत नसतो, रांगेसमोर असतो. "बाबा, मी उभी कुठे राहू?"

उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. "पथकनायकाला विचार."

ती फुग्यासमोर जाऊन सावधानमध्ये उभी राहिली. फुगा बिचारा लाजून लाल झाला. "ताई, तू... म्हणजे... आमच्या संघात चालेल? शेवटी?"

ती रांगेच्या डाव्या टोकाला, भिंतीलगत, त्या सगळ्यात लहान मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

हिरवी दोरी खांद्यावर सारखी करत फुगा पुढे आला. समारोप झाला. आता उजवीकडे वळायचं आणि फाटकाकडे चालू लागायचं, एवढंच उरलं होतं. फुग्याने छाती भरून श्वास घेतला.

"पथक! डावीकडे... वळ!"

कोणी हललं नाही. मधूनच कोणीतरी फिसकन हसलं. "फाटक तिकडेय रे, फुग्या!" मास्तरने आज्ञा दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

ताई वळली. टाच, चवडा, पायाशी पाय, खाडकन. शेजारच्या मुलीने तिच्याकडे बघितलं आणि तीही वळली. मग तिच्या पलीकडचा, त्याच्या पलीकडचा, अशी हळूहळू सगळी रांग वळली आणि हसू विरलं.

फुग्याचे कान तापले होते. त्याला योग्य आज्ञा आठवेना.

ताईच्या नाकापासून वीतभर अंतरावर पोपडे सुटलेली भिंत होती. मान ताठ ठेवून ती पुढच्या आज्ञेची वाट बघत राहिली.