कॅल्शियम कमीच होतं

मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडताना शमिकाने दार उघडून धरणाऱ्या शिपायाला, शांतारामला, वाकून ‘थँक यू, सर’ म्हटलं. आत बसलेल्या चौघांपैकी कुणालाही आपण आभाराचा शब्द म्हटला नाही, हे तिला बाकावर बसल्यावर आठवलं. शांताराम मात्र खूश दिसला. त्याने पंखा तिच्या बाजूला वळवून दिला.

भोपाळजवळच्या त्या खासगी मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या सहायक प्राध्यापकाची जागा निघाली होती. एकच. शमिकाकडे त्या विषयातली पीएच.डी. होती, आणि अरेरा कॉलनीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या तळघरात काही वर्षं नमुने तपासून रिपोर्टवर सह्या केल्याचा अनुभव. तळघराला खिडकी नव्हती. ते तिने चालवून घेतलं असतं. पण तिला शिकवायचं होतं, आणि नमुने गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज कितीही शहाणं असलं तरी त्याला शिकवता येत नाही. मधल्या काळात विद्यापीठात आठवड्यातून दोन तास घ्यायला ती जायची, त्या दिवशी ती घरी गुणगुणत यायची, असं आई म्हणे. याआधीच्या मुलाखती तिने अशाच दिल्या होत्या आणि अशाच गमावल्या होत्या.

मूळ प्रमाणपत्रं कारकुनाकडे जमा होती आणि सगळ्यांच्या मुलाखती आटोपल्याशिवाय ती परत मिळणार नव्हती. म्हणजे बसून राहणं भाग होतं. पुढच्या उमेदवाराला, निनाद नावाच्या उंच तरुणाला, आत बोलावण्यात आलं. आणि शमिकाने मनातल्या मनात पेपर पुन्हा सोडवायला घेतला.

ही त्यांच्या घरची पद्धत. तिचे बाबा, अरविंदराव, पिपलानीच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तपासायला आलेल्या यंत्राच्या प्रत्येक भागात चूक आहेच, ती फक्त अजून सापडलेली नाही, या श्रद्धेवर त्यांनी नोकरी केली, आणि ती श्रद्धा घरीही आणली. परीक्षेहून आलं की मुलीने हातपाय धुवायचे, चहा प्यायचा आणि प्रश्नपत्रिका घेऊन बाबांसमोर बसायचं. प्रत्येक उत्तर पुन्हा सांगायचं. शेवटी स्वतःला मार्क द्यायचे. शमिका स्वतःला इतके कमी मार्क द्यायची की निकालाच्या दिवशी शेजारचे पेढे घेऊन आले तरी घरात आधी सुतकी शांतता असायची.

तर बाकावर बसून तिने सुरुवातीपासून घेतलं. आत जाताना नमस्कार केला, पण हातात फाइल होती, त्यामुळे तो एका हाताचा झाला. एका हाताच्या नमस्काराला सलाम म्हणतात. बरं. पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा ‘नको’ म्हणून लगेच ‘चालेल’ म्हटलं. ‘तुमच्यातला एक दोष सांगा’ असं विचारल्यावर ‘कोणत्या संदर्भात?’ असं विचारलं, जणू दोषांचं कपाट भरलेलं होतं आणि कोणता खण उघडायचा तेवढं ठरायचं होतं. इथवर ठीक. नोकरी यावर जात नाही.

मग ती पोटॅशियमच्या प्रश्नापाशी आली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं होतं, की पेशंट ठणठणीत हिंडतोय, पण रिपोर्टमध्ये पोटॅशियम जिवावर बेतावं इतकं वर गेलंय, तर तुम्ही काय म्हणाल? तिचा रोजचाच विषय. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक क्षार असतो, आणि त्यात पोटॅशियम असतं. रक्त काढणाऱ्याने घाईत त्या नळीतलं थोडं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं, की पोटॅशियम खोटंच वाढतं. खात्री करायला त्याच नमुन्यात कॅल्शियम बघायचं, कारण तोच क्षार कॅल्शियमला धरून ठेवतो आणि ते कमी दिसतं. हे तिने सगळं सांगितलं होतं.

कमी दिसतं असं सांगितलं होतं ना?

तिने डोळे मिटले. आपला आवाज आठवला, परीक्षकांची पेन्सिल आठवली, ‘कॅल्शियम’ हा शब्द आठवला. त्यापुढे तिला स्पष्ट ऐकू आलं, ‘बढ़ेगा.’ तिने पुन्हा ऐकून पाहिलं. या वेळी ते आणखी ठामपणे ऐकू आलं, आणि शेजारच्या परीक्षकांची भुवईही वर गेली. थोड्या वेळाने त्यात सक्सेना मॅडमचा, म्हणजे विभागप्रमुखांचा, सुस्कारासुद्धा सामील झाला. एवढा भक्कम पुरावा शमिकाने आयुष्यात कधी नाकारला नव्हता.

आता लॅबमध्ये एक नियम होता, आणि गेली काही वर्षं तो तिच्या हाडात मुरला होता. चुकीचा आकडा बाहेर गेल्याचं कळलं की वाट पाहायची नाही, लाजायचं नाही, वरिष्ठांना विचारायचं नाही. हातातलं काम टाकून हॉस्पिटलच्या वॉर्डला फोन करायचा आणि म्हणायचं, मघाचा रिपोर्ट चुकीचा आहे, बरोबर आकडा असा. तिकडचा डॉक्टर कितीही वैतागला तरी. असे फोन करताना शमिकाचा आवाज कापत नसे. उलट त्या वेळी ती जेवढी शांत असे तेवढी एरवी कधीच नसे.

ती उठली. शांताराम ‘मॅडम, अंदर इंटरव्यू…’ एवढं म्हणेपर्यंत तिने दार ढकललं होतं.

‘सर, माफ कीजिए,’ ती शांत, स्पष्ट आवाजात म्हणाली. ‘माझ्या उत्तरात दुरुस्ती आहे. जांभळ्या नळीतल्या रक्ताची भेसळ झाली असेल तर कॅल्शियम कमी होईल. वाढणार नाही. मी वाढेल म्हणाले होते, ते चूक.’

परीक्षकांची पेन्सिल हवेत थांबली होती. निनाद खुर्चीत अर्धा वळून, तोंड किंचित उघडं ठेवून तिच्याकडे पाहत होता. एखादं वाक्य सुरू करायला माणूस तोंड उघडतो आणि तेवढ्यात दुसराच कुणी ते वाक्य बोलून टाकतो, तेव्हा जसं होतं तसं.

सक्सेना मॅडमनी चष्मा काढला. ‘बेटा,’ त्या म्हणाल्या, ‘आपने कम ही कहा था.’

आणि परीक्षक अतिशय सौजन्याने म्हणाले, की हाच प्रश्न त्यांनी आत्ताच या सद्गृहस्थांना विचारला होता.

शमिका ‘थँक यू’ म्हणाली. या वेळी विसरली नाही. मग ती मागे सरकत सरकत बाहेर आली आणि बाकावर बसली. शांतारामने पंखा परत आपल्याकडे वळवून घेतला.

हिशोब सोपा होता. तिने बरोबर उत्तर दिलं होतं. मग ते चूक होतं अशी भर सभेत कबुली दिली होती. आणि ते करताना प्रतिस्पर्ध्याला उत्तर पुरवलं होतं. एका वाक्यात इतकं नुकसान करून दाखवणं हे एका परीने कौशल्यच. संशोधनात एवढी काटकसर तिला कधी जमली नव्हती.

निनाद बाहेर आला तो तिच्या शेजारीच बसला. खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि सरळ मराठीत म्हणाला, ‘तुमच्या फाइलवर नाव-पत्ता वाचला. बाग सेवनियात राहता ना? मी पिपलानीचा. कारखान्याच्या क्वार्टरमधला.’

शमिकाने मान हलवली. मग म्हणाली, ‘मी तुमचा प्रश्न खाल्ला.’

‘खाल्लात ना. आणि मला तो आला होता हो, ताई. आयुष्यात पहिल्यांदा मुलाखतीत सोपा प्रश्न आला. मी दम घेतला, तोंड उघडलं, आणि तुम्ही आत.’

‘मग?’

‘मग त्यांनी तो रद्द केला. दुसरा दिला. हिमोग्लोबिनमधलं हीम कसं तयार होतं, सगळ्या पायऱ्या फळ्यावर काढा. एम.एस्सी.नंतर मी त्या पायऱ्यांना हात लावलेला नाही. मध्ये कुठेतरी घसरलोच असणार.’ तो थोडा थांबला. ‘आणि तसंही माझं आधीच बिनसलं होतं. आत गेल्या गेल्या मी परीक्षकांच्या खुर्चीत बसलो.’

‘म्हणजे?’

‘ते हात धुवायला गेले होते. खुर्ची रिकामी दिसली, बसलो. समोर माझाच बायोडेटा पडलेला. वाटलं, काय व्यवस्था आहे.’

शमिकाला हसू आलं, आणि हसताना अपराधी वाटलं, कारण खुर्चीची चूक त्याची होती, पण प्रश्न तिने घालवला होता. माफी मागण्यासाठी तिने तोंड उघडलं, तेवढ्यात कारकुनाने प्रमाणपत्रं घ्यायला हाक मारली.

घरी बाबा चहा पिऊन तयार बसले होते. प्रश्नपत्रिका नव्हती, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. त्यांनी पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली, आणि शमिकाने एका हाताच्या नमस्कारापासून सगळं सांगितलं. पोटॅशियम आलं. मग दार आलं. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. एवढ्या वर्षांत असा भाग त्यांच्या टेबलावर आला नसावा: तपासून, पास होऊन, बाहेर गेलेला, आणि स्वतःच परत येऊन मी नापास आहे म्हणणारा.

‘मार्क किती देशील?’ त्यांनी विचारलं.

‘बाबा, मार्क नाहीत. पोलीस केस आहे.’

स्वयंपाकघरातून आईने, मंजूषाबाईंनी, विचारलं, ‘निघताना दार नीट लावून आलीस ना?’

दाराचं तिला काहीच आठवत नव्हतं. रात्री जेवताना ती एकदम म्हणाली, की दार बहुतेक उघडंच राहिलं, आणि निनाद हीमच्या पायऱ्या काढत असताना बाहेरचा पंखा घरघरत असणार. बाबांनी तिला आणखी एक पोळी वाढायला सांगितली.

पुढचे दिवस तिने तळघरात घालवले. वॉर्डांना फोन केले. आकडे बरोबर होते. एकदा जांभळ्या नळीची भेसळ खरोखरच आली. कॅल्शियम कमी होतं. तिने ते यंत्रावर पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा कमी आलं. यंत्राला मुलाखत नव्हती, त्यामुळे त्याने सगळं शांतपणे सांगितलं.

फोन आला तेव्हा ती घरी होती, आईबरोबर मेथी निवडत. सक्सेना मॅडम बोलत होत्या. निवड झाली आहे, पत्र येईल, पण वर्ग सुरू होत असल्याने सोमवारी रुजू झालात तर बरं.

शमिकाच्या हातात मेथीची जुडी होती. आई तिच्या चेहऱ्याकडे बघून सगळं समजली आणि देवाकडे बघायला वळली. इथे फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. शमिकालाही ते कळत होतं. खिडकी असलेली खोली, फळा, समोर बसलेली मुलं, आणि मध्ये फक्त एक अक्षर.

‘मॅडम,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज तसाच शांत झाला जसा वॉर्डला फोन करताना व्हायचा, ‘एक दुरुस्ती आहे.’



आई देवाकडून परत वळली.

शमिकाने सांगितलं, की निनादना तो पहिला प्रश्न येत होता. तो तिच्यामुळे गेला. बदल्यात मिळालेला प्रश्न त्यांना नीट आला नाही, असं तेच म्हणाले. जागा जर त्या एका प्रश्नावर ठरली असेल, तर निकालात चूक आहे, आणि ती चूक तिची आहे.

सक्सेना मॅडमनी एक सुस्कारा सोडला. हा मात्र खराखुरा होता.

मग त्या हिंदीत, वर्गात सांगावं तसं, सावकाश बोलल्या. उमेदवार बाहेर पडला की पुढच्याला बोलावण्याआधी त्याच्या मार्कांचा कागद सह्या करून पाकिटात बंद होतो. शमिका परत आत आली तेव्हा तिचं पाकीट केव्हाच चिकटलेलं होतं. तिची दुरुस्ती कुणी कुठे लिहिली नाही, कारण लिहायला जागाच नव्हती. आणि त्या मुलाचं म्हणाल, तर हीमच्या सगळ्या पायऱ्या त्याने न चुकता काढल्या. ‘आपसे अच्छा जवाब था,’ त्या म्हणाल्या. मागे राहिला तो लॅबच्या अनुभवात, तो त्याच्याकडे नव्हताच. पुढच्या वर्षी आणखी एक जागा निघेल, तेव्हा त्याने अर्ज करावा.

‘हे मी त्यांना कळवू का?’ शमिकाने विचारलं.

‘कळवा. तुम्ही कळवल्याशिवाय राहणार आहात का?’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि सोमवारी या. दार वाजवून.’

फोन बंद झाला. आईने हात धुतले, देवापुढे साखर ठेवली आणि येताना एक चिमूट शमिकाच्या तोंडात घातली. बाबा आतल्या खोलीतून आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, की स्वतःला किती मार्क दिले होतेस ते आठवतंय ना, पोलीस केस म्हणाली होतीस. त्यांना नाक शिंकरावं लागलं.

शमिकाने मुलाखतीच्या दिवशी घेतलेल्या निनादच्या नंबरवर मेसेज लिहिला. पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या, असं आधी लिहिलं, बाकीचं नंतर. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं: अभिनंदन, ताई. पण नक्की सगळ्या? चौथीचं मला अजून बरोबर वाटत नाही.

ती जरा वेळ त्याकडे बघत बसली. मग मेथी पुढे ओढली आणि निवडू लागली. एक जुडी झाली. दुसरीला हात घालताना तिचे हात थांबले.

‘आई,’ ती म्हणाली, ‘मी मॅडमना “हो” म्हणाले का गं?’

आईने आठवून पाहिलं. तिलाही आठवेना. शमिकाने फोनकडे हात नेला, तशी आईने तो उचलला, तांदळाच्या डब्यात टाकला आणि वर झाकण लावलं.

‘सोमवारी जा आणि सांग,’ ती म्हणाली.